अर्लिसची राहून गेलेली फेरी

अर्लिस ट्वाइटच्या गॅरेजात काम संपलं म्हणून गाडी लगेच हातात पडली, असं कधी होत नसे. चिंध्यांना हात पुसून ती स्वतःच गाडीत बसायची. धान्याच्या कोठारापासून नदीवरच्या पुलापर्यंत, तिथून दफनभूमीच्या चढाने वर, आणि वळसा घालून परत. वीस मिनिटं लागत. काम नुसतं ऑइल बदलण्याचं असलं तरी वीस मिनिटं. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, "तुझ्यासाठी नाही जात रे, माझ्यासाठी जाते."

मी लग्न होऊन हार्लन स्प्रिंग या गावी आले तेव्हा ती चाळिशीच्या आत होती. तिच्याबद्दल मला जे कळलं ते थोडं तिच्याकडून, बरंच माझ्या नवऱ्याकडून, लाइलकडून. तिचे वडील एइनार यांनी ते गॅरेज उभं केलं. अर्लिस चोवीस वर्षांची असताना त्यांचं उजवं अंग लुळं पडलं. गावाने गृहीतच धरलं की आता गॅरेजला कुलूप. अर्लिसने दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शटर वर केलं. एइनार दाराशी खुर्ची टाकून बसायचे, डाव्या हाताने खुणा करायचे, आणि ती गाड्यांखाली सरकायची.

पहिल्याच महिन्यात मर्व्ह ड्रेसलर आपला ट्रक घेऊन आला. आमच्या शेताला लागूनच त्याचं शेत. ती चाकं बसवत होती तेवढा वेळ तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि निघताना चारचौघांसमोर म्हणाला, "बाईने आवळलेले नट आहेत. घरी जाऊन मी एकदा परत आवळीन म्हणतो." सगळे हसले. अर्लिसही हसली. त्या दिवसापासून तिने ती वीस मिनिटांची फेरी सुरू केली.

एकदा मी तिला विचारलं होतं, इतकं कशाला मनाला लावून घेतेस? ती म्हणाली, "हे बघ नोरीन, बाबांच्या हातून चूक झाली की लोक म्हणायचे, आज एइनारचं चित्त ठिकाणावर नाही. माझ्या हातून झाली तर म्हणतील, बाईच ती." एवढं बोलून तिने विषय बदलला.

तीस वर्षांत तिच्याकडून गेलेली एकही गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली नाही. मर्व्हसुद्धा तिच्याचकडे येत राहिला. टोमणे मारायचं मात्र त्याने सोडलं नाही.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या ऑगस्टमधली आहे. कापणी अर्ध्यावर आली होती. पाऊस होऊन सात आठवडे झाले होते, टेकड्या पिवळ्या पडून पडून पांढुरक्या झाल्या होत्या, आणि रोज दुपारी पश्चिमेचा वारा सुटायचा. असल्या दिवसांत आमच्याकडे कुणी शेतात सिगारेट पेटवत नाही.

आमच्या तपकिरी पिकअपमधला इंजिनच्या बिघाडाचा दिवा आठवडाभर लागत होता. गाडी पेट्रोल जास्त पीत होती, चढावर अडखळत होती. मंगळवारी सकाळी लाइल म्हणाला, "अर्लिसकडे टाक, दुपारच्या जेवणाआधी करून देते का बघ." रानात आमची आणि शेजाऱ्यांची मिळून अकरा माणसं होती आणि त्यांचं जेवण मलाच न्यायचं होतं. मी हॅम, सायीत भाजलेले बटाटे, पाव, बरण्यांतला गार चहा आणि रुबार्बच्या देठांचं गोड सारण भरून भाजलेल्या तीन मोठ्या पेस्ट्री असं सगळं मागच्या पेट्यांत भरूनच गॅरेजात गेले, म्हणजे तिथून परस्पर रानात जाता येईल.

अर्लिसने यंत्र लावून पाहिलं. "ऑक्सिजन सेन्सर गेलेत. दोन्ही बाजूंचे," ती म्हणाली. इंजिनला दोन्ही अंगांना चार-चार सिलिंडर, आणि प्रत्येक बाजूच्या धुराच्या नळीत एकेक सेन्सर. तो धूर हुंगतो आणि पेट्रोल जास्त झालं की कमी, ते इंजिनला कळवतो. नवे तिच्याकडे होते. पण जुने निघेनात. चौदा वर्षांचा गंज होता. ती गंज सोडवायचं तेल मारायची, थांबायची, पान्याला लांब नळी लावून जोर द्यायची, पुन्हा तेल मारायची. एक निघाला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मी दारात उभी राहून घड्याळ बघत होते.

"अर्लिस, अकरा माणसं उपाशी आहेत गं."

"मला कानांनी ऐकू येतं, नोरीन."

"लाइलचा दोनदा आवाज आला वायरलेसवर."

"मग त्याला म्हणावं, ये इथे आणि हा पाना धर."

दुसरा सेन्सर निघाला. तिने नवे बसवले, गाडीखालीच वर हात करून त्यांच्या वायरींचे कपलर चटचट जोडले, आणि बाहेर येऊन इंजिन चालू केलं. दिवा विझला होता. इंजिनचा आवाज गुळगुळीत. पण गाडीखालून आणि मागून निळसर पांढरा धूर यायला लागला, आणि मी घाबरले.

"हा कसला धूर?"

"मी मारलेलं तेल आहे ते. नळी तापली की जळतं. दहा मिनिटांत जाईल." ती खाली वाकून बघत होती. मग किल्लीकडे हात नेत म्हणाली, "थांब, एक फेरी मारून येते."

"आत्ता?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, हे मला आजही ऐकू येतं. "सव्वाबारा झालेत अर्लिस. बटाटे निवून दगड झाले. एक दिवस नाही मारलीस फेरी तर आकाश कोसळणार आहे का? मी सहा मैल चालवतेच आहे ना, तीच तुझी फेरी समज."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिने धुराकडे बघितलं. सकाळपासून वर हात धरून तिचे खांदे भरून आले होते, ते ती चोळत होती. मग म्हणाली, "बरं. जा. काही वाटलं तर वायरलेसवर बोल."

मी निघाले. गावाबाहेर पडेपर्यंत धूर कमी झाला होता. मी मनात म्हटलं, बघ, बरोबर सांगत होती. तिसऱ्या मैलाला आरशात पुन्हा धूर दिसला, पण तिने दहा मिनिटं सांगितली होती आणि दहा झाली नव्हती. पाचव्या मैलाला आमच्या रानाचं तारेचं फाटक लागलं. मी उतरले, तार सोडली, गाडी आत घेऊन थांबवली, पुन्हा उतरून फाटक लावलं. मिनिटभराचं काम. गाडी उभी होती तिथे गुडघाभर वाळलेलं गवत होतं. गाडीखालून कसलीतरी झळ पायाला लागली, पण ऑगस्टच्या भर दुपारी सगळीकडूनच झळा लागतात. मी गाडीत बसले आणि पुढे निघाले.

फाटकानंतर रस्ता म्हणजे फक्त दोन चाकोऱ्या, मधे गवताचा पट्टा. डावीकडे मर्व्हचा उभा गहू, उजवीकडे आमची कापून झालेली धसकटं. दोनशे पावलं गेले नसेन, इंजिनने गचका खाल्ला. मग दुसरा. तो दिवा पुन्हा लागला, आणि या वेळी स्थिर नव्हता, मिचमिचत होता. आरशात बघितलं तर मागे काळा धूर.

कापणीच्या दिवसांत आमच्याकडे सगळे एकाच वायरलेसवर असतात. हार्वेस्टरवाले, ट्रकवाले, पाण्याचा टँकर, घरी राहिलेली माणसं, आणि गॅरेजात अर्लिस. टेकड्यांमुळे मोबाइल लागत नाही. एक बोलला की खोरंभर ऐकू जातं. मी बटण दाबलं.

"अर्लिस, नोरीन बोलतेय. धूर आहे अजून."

"किती?"

"खूप. आणि काळा आहे."

"नीट बघून सांग. काळा की निळा?"

"काळा गं. डिझेलच्या ट्रकसारखा."

"वास?"

"पेट्रोलचा. आणि सडक्या अंड्यांसारखा काहीतरी."

"दिवा लागलाय?"

"मिचमिचतोय. गाडी गचके खातेय. थांबवू का?"

"नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की माझ्या हातातून ते यंत्र निसटलं. "थांबू नकोस. तुझ्या गाडीखाली काय आहे?"

"गवत."

वायरलेसवर शांतता. ती किती वेळ होती मला सांगता येणार नाही, चार सेकंद असेल. त्या चार सेकंदांत तिने काय पाहिलं ते तिने मला नंतर सांगितलं. कपलर सोडण्याआधी ती नेहमी डाव्या बाजूच्या वायरीला पिवळी पट्टी गुंडाळायची, कारण दोन्ही कपलर दिसायला एकसारखे आणि एकमेकांना खेटून असतात. त्या दिवशी तिने पट्टी कापली होती. ती तिच्यासमोर टेबलाच्या कडेला तशीच चिकटलेली होती.

मग वायरलेसवर तिचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द सुटा. "मी अर्लिस ट्वाइट बोलतेय. ज्यांना ज्यांना ऐकू येतंय त्यांनी ऐका. नोरीनच्या गाडीचे सेन्सर मी सकाळी बदलले आणि वायरी उलट्या जोडल्या. डावीची उजवीला, उजवीची डावीला. चूक माझी आहे. त्या इंजिनच्या एका बाजूने कच्चं पेट्रोल बाहेर पडतंय, दुसऱ्या बाजूने हवा, आणि धूर साफ करायच्या डब्यात दोन्ही एकत्र होऊन पेटतंय. तो डबा लाल झाला असेल. गाडी गवतावर थांबली तर आग लागेल. नोरीन, तू मघाशी कुठे थांबली होतीस का?"

मी बटण दाबलं. "फाटकापाशी."

"आरशात बघ."

मी बघितलं. काळ्या धुरामागे, फाटकाजवळ, दुसरा धूर होता. पांढरा, जमिनीलगत, आणि वाऱ्याने माझ्याच दिशेने वाकलेला.

"लागलीये," मी म्हणाले. "अर्लिस, लागलीये गं."

त्याबरोबर वायरलेसवर एकदम पाच आवाज आले. लाइलचा आवाज मी ओळखला, तो माझं नाव घेत होता. अर्लिस सगळ्यांच्या वर ओरडली, "गप्प बसा सगळे! बटण सोडा! नोरीन, नांगरून रिकामं ठेवलेलं रान किती लांब आहे?"

"टेकडीपलीकडे. अर्धा मैल."

"तिकडेच जा. चढावर जोरात दाबू नकोस, दाबलंस की पेट्रोल वाढतं. माथ्यावर पोचलीस की गियर काढ आणि इंजिन बंद कर. किल्ली एकच खटका मागे. पूर्ण मागे नेलीस तर स्टिअरिंग अडकेल. कळलं?"

"एकच खटका."

"ब्रेक दगडासारखा होईल. दोन्ही पायांनी दाब. उताराने गाडी आपोआप काळ्या मातीत जाईल."

तो चढ मी हजारदा चढले आहे. त्या दिवशी तो संपेना. गाडी गचके खात होती, पायाखालची चटई तापून रबराचा वास सुटला होता, मागच्या पेट्या एकमेकींवर आपटत होत्या. एकदा वाटलं, दार उघडून उडी मारावी. पण गाडी सोडली असती तर ती गव्हात घुसली असती. अर्लिस मधूनमधून फक्त एवढंच विचारत होती, "चालतेय ना?" आणि मी म्हणत होते, "चालतेय."

माथा आला. मी गियर काढला, किल्ली एक खटका मागे घेतली. इंजिन बंद पडलं आणि एकाएकी इतकं शांत झालं की चाकांखालची ढेकळं फुटताना ऐकू येऊ लागली. स्टिअरिंग जड झालं. गाडी उताराला लागली, वेग घेऊ लागली. खाली नांगरलेलं रान दिसत होतं, काळपट, एक काडी नसलेलं. मी दोन्ही हातांनी चाक ओढलं, बांधावरून गाडी उसळली, आणि मऊ मातीत शिरून पन्नास पावलांवर आपोआप थांबली. ब्रेकची गरजही लागली नाही. मी दार उघडून पळाले. लांब जाऊन वळून बघितलं तेव्हा भर उन्हातही गाडीच्या पोटाखाली लालसर काहीतरी दिसत होतं. खाली माती होती. ती पेटत नाही.

आग मात्र मागे होती, आणि वारा तिच्या बाजूने होता. मी माथ्यावर परत चढले. मर्व्हने हार्वेस्टर सोडून ट्रॅक्टर घेतला होता, त्याला मागे तव्यांचा नांगर जोडलेला, आणि तो आगीच्या पुढ्यात स्वतःच्याच उभ्या गव्हात तो घालून मातीचा पट्टा काढत होता. गहू आडवा होत होता. लाइल पाण्याचा टँकर घेऊन मागच्या बाजूने आला. बाकीचे ओल्या पोत्यांनी कडा झोडपत होते. धुरात ट्रॅक्टर दिसेनासा व्हायचा, मग पुन्हा दिसायचा. एकदा बराच वेळ दिसला नाही. वायरलेसवर लाइल ओरडत होता, "मर्व्ह! अरे मर्व्ह, बोल!" आणि मग खोकत खोकत आवाज आला, "बोलू की नांगरू?"

पाऊण तासाने आग मेली. मर्व्हचा सात एकर उभा गहू गेला, आमची वीसेक एकर धसकटं. माणूस कुणी भाजला नाही. मर्व्हच्या भुवया तेवढ्या गेल्या.

अर्लिस तोवर येऊन पोचली होती. आधी तिने एक पोतं घेतलं आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत सगळ्यांबरोबर झोडपत राहिली. मग हत्यारांची पेटी उचलून माझ्या गाडीकडे गेली. अजून हात लावता येत नव्हता, म्हणून मातीत बसून राहिली. लाइल, मर्व्ह आणि मी तिच्यामागे उभे. गाडी निवली तशी ती खाली सरकली. दोन कपलर सोडल्याचे आवाज आले, दोन लावल्याचे. दोन मिनिटंही लागली नाहीत.

ती बाहेर आली तेव्हा लाइलने विचारलं, "तू फेरी मारली नव्हतीस?"

"नाही," अर्लिस म्हणाली.

"आजच? नेमकी आजच नाही?"

"नाही मारली."

लाइलचा चेहरा काजळीने काळा झाला होता आणि त्यावर घामाचे ओघळ होते. "माझी बायको होती त्या गाडीत," एवढंच तो म्हणाला. मी अर्लिसकडे बघत होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिने एकच वाक्य बोललं असतं तर पुरे होतं, की हिनेच घाई केली. ती बोलली नाही. आणि मीही बोलले नाही.

त्यानंतर चार दिवस मी ते पोटात ठेवलं. त्या चार दिवसांत धान्य घालायला आलेल्या रांगेत, पोस्टात, चर्चच्या पायऱ्यांवर मी लोकांना बोलताना ऐकलं. कुणी वाईट शब्द वापरला नाही. फक्त म्हणायचे, आता तिचंही वय झालं. शेवटी अंगमेहनतीचं काम, बाईने किती करावं. दोघांनी आपल्या गाड्या चाळीस मैलांवरच्या शहरात नेल्या. तिच्या गॅरेजासमोर एरवी पाच-सहा गाड्या असायच्या, शुक्रवारी एकही नव्हती.

शनिवारी जेवताना मी लाइलला सांगितलं. तिने किल्लीला हात घातला होता, मी तिला जाऊ दिलं नाही. त्याने काटा खाली ठेवला.

"मग हे तिथेच का नाही बोललीस?"

"भीती वाटली."

"कसली? माझी?"

"तू तिच्याकडे जसं बघत होतास ना, तसं माझ्याकडे बघशील याची."

त्याने उठून टोपी घातली आणि तो म्हणाला, "चल."

अर्लिस गॅरेजातच होती. गाडी नव्हती, म्हणून पाने धुवत बसली होती. लाइलने टोपी काढली आणि अडखळत माफी मागितली. मीही मागितली. तिने दोघांचं ऐकून घेतलं.

"तू घाई केलीस हे खरं आहे," ती मला म्हणाली, "आणि मला राग आलाय तुझा, तोही खोटा नाही. पण उलट्या वायरी तू नाही जोडल्यास. फेरी मारली असती तरी चूक झालेलीच होती, फक्त मला गावाबाहेरच कळली असती. धूर दिसला तेव्हा मी तो तेलाचा ठरवून मोकळी झाले. तेलाचा होताच. त्याच्या आड दुसराही होता, तो मी शोधलाच नाही."

"मी सगळ्यांना सांगते," मी म्हणाले. "वायरलेसवर सांगते."

"नको," ती म्हणाली. "वायरलेसवर मी बोलले तेवढं पुरे. कुणी विचारलं तर खरं सांग, बास."

मी कुणी विचारायची वाट बघितली नाही. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवरच सांगितलं, जे बोलत होते त्यांच्या तोंडावर. काहींनी मान डोलावली, काहींना ते ऐकायचं नव्हतं. मर्व्ह तिथेच होता, बिनभुवयांचा, उकडलेल्या अंड्यासारखा दिसत होता. तो म्हणाला, "मला सात एकरांचं दुःख आहेच. पण तिने वायरलेसवर सांगायला दहा मिनिटं लावली असती तर मी सत्तर एकरांचं करत बसलो असतो. आणि तुम्ही नोरीनचं." सोमवारी त्याचा ट्रक अर्लिसच्या दारात उभा होता. कशासाठी आणला होता ते त्यालाच नीट सांगता येत नव्हतं असं ती म्हणाली.

सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. शहरात गेलेल्या दोघांपैकी एक परत आला, दुसरा आलाच नाही. माझ्यात आणि अर्लिसमध्ये पुढचं वर्षभर एक सावधपणा राहिला. ती माझ्याशी गाडीपुरतं बोलायची. मग पुढल्या वर्षीच्या हिवाळ्यात एइनार गेले, आणि मी तीन दिवस तिच्या घरी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बघितलं. चौथ्या दिवशी निघताना ती म्हणाली, "तुझ्या गाडीचा पट्टा ओरडतोय. आणून टाक." तेव्हा कुठे मला हलकं वाटलं.

पुढे आठ वर्षं तिने काम केलं. मग गुडघे गेले. गाडीखाली जाता येई, बाहेर येता येईना. एका वसंतात तिने शटर ओढलं आणि इमारत कोठारवाल्यांना दिली. ते आता तिथे खताच्या गोण्या ठेवतात. आमच्या गावात गॅरेज उरलेलं नाही. गाडी बिघडली की चाळीस मैल. तिथली मुलं चांगली आहेत, काम चटकन करतात आणि काउंटरवरूनच किल्ली देतात. मी किल्ली घेते, गाडीत बसते, आणि घरी न येता आधी त्या शहराबाहेरच्या चढाकडे वळते, वीस मिनिटांच्या फेरीला. लाइल शेजारी असला तर घड्याळ बघतो, पण बोलत काही नाही.